आधी कोठार, मग दालन

भिंगाखाली आहे ते 'सिंध डाक', १८५२ सालचं अर्ध्या आण्याचं टपाल तिकीट. पांढऱ्या कागदावर नुसता उठाव, शाईचा थेंबही नाही. समोरून दिवा टाकला तर कागद कोरा वाटतो. उजेड बाजूनं तिरका आला की नक्षी उठून येते. नवं टपाल संग्रहालय आखताना विचार इथून सुरू व्हावा: या तिकिटाला काय लागतं?

हे कोठार. कपाटं पोलादी, कारण लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि कागद पिवळा पडतो. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वर. छतातून पाण्याचा एकही पाइप नाही. तापमान २० अंशांच्या आसपास, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळ. दमट हवेत डिंक सुटून तिकीट पानाला चिकटतं, फार कोरड्या हवेत ते वळतं आणि डिंकाला तडे जातात. रोजचा चढउतार तर सर्वांत वाईट, म्हणून रात्री एसी बंद करायचा नाही.

तिकिटं सरकवली जाताहेत ती पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत. पीव्हीसी प्लास्टिक नको. ते मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन कालांतरानं बाहेर येतं आणि तिकिटाच्या रंगाला भिडतं.

आता हे पत्र बघा. तिकीट, शिक्का, पत्ता, मागच्या बाजूला पोहोचीचा ठसा. तिकीट भिजवून सोडवलं की हा सगळा प्रवास पुसला जातो. तसं कुणी करू नये. १८४० च्या 'पेनी ब्लॅक' या ब्रिटनच्या काळ्या तिकिटावर लाल शिक्का मारत. तो धुऊन काढता येई, म्हणून पुढच्याच वर्षी तिकीट लाल झालं आणि शिक्का काळा. हे समजायला शिक्क्यासकट पत्रच हवं, आणि मांडताना दोन्ही बाजू दिसतील अशी काच.

दालनात उजेड ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). उभ्या चौकटी ओढल्या की बाहेर येतात, ढकलल्या की अंधारात जातात. तरी तीन-चार महिन्यांनी वस्तू बदलायच्या. उडालेला रंग परत येत नाही.

नव्या इमारतीचं काँक्रीट कित्येक महिने ओल सोडत राहतं. रिकाम्या कोठारात आर्द्रतामापक ठेवून एक पावसाळा जाऊ द्यावा आणि त्या नोंदी पाहूनच उद्घाटनाची तारीख धरावी.