हायब्रिड टोमॅटोचे बी धरावे का?

(पुण्यात गच्चीवर व परसात भाजीपाला पिकवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडईतून आणलेल्या टोमॅटोचे बी पेरले तर चालेल का, या प्रश्नाला बहुधा दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही चुकीची आहेत. हायब्रिडचे बी वांझ असते, असे काही जण सांगतात. बियाण्याने काही फरक पडत नाही, असे इतर सांगतात. प्रत्यक्षात हे बी चांगले उगवते आणि त्याच्या झाडांना फळेही लागतात, मात्र ती झाडे एकमेकांसारखी नसतात.

हायब्रिड वाण हा दोन निरनिराळ्या शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी असतो. त्याच्या प्रत्येक झाडात आईबापांचे गुण त्याच जोडीने असतात, म्हणून सारे शेत एकसारखे दिसते. टोमॅटोचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे या झाडाचे बी धरले, की जोडलेले गुण दुसऱ्या पिढीत सुटे होऊन नव्याने वाटले जातात. ग्रेगॉर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून 1866 मध्ये मांडलेला नियम तो हाच.

याचे सर्वांत ठळक उदाहरण टिकाऊपणाचे आहे. दूरच्या बाजारासाठी काढलेल्या काही हायब्रिडांत पिकणे लांबवणारा ‘रिन’ नावाचा जनुक एका बाजूकडून आलेला असतो. एकच प्रत असली तर फळ सावकाश पिकते आणि जास्त दिवस टिकते. दुसऱ्या पिढीत मात्र साधारण चौथ्या हिश्श्याच्या झाडांत त्याच्या दोन्ही प्रती एकत्र येतात, आणि त्यांची फळे कितीही ठेवली तरी लाल होत नाहीत, पिवळसरच राहतात. ही झाडे पाहून खत कमी पडले किंवा ऊन लागले नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. झाडाच्या वाढीचेही तसेच आहे: उंच वाढणाऱ्या हायब्रिडाच्या आईबापांपैकी एक बुटका असेल, तर त्याच्या बियांतून काही झाडे बुटकी निघतात.

मग हे बी टाकून द्यावे का? माझ्या मते गच्चीवर नक्कीच टाकू नये. पंधरा-वीस झाडे लावा, चव, फळधारणा आणि रोगाला तोंड देण्याची ताकद यांवर लक्ष ठेवा आणि उत्तम झाडाचेच बी धरा. येथे फळ नव्हे, झाड निवडायचे असते, कारण एका झाडावरचे मोठे फळ आणि छोटे फळ यांच्या बियांत आनुवंशिक गुण सारखेच असतात. प्रत्येक पिढीत अस्थिर गुणांचे प्रमाण निम्म्याने घटते. सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत वाण बराचसा स्थिर होतो. पुण्याच्या हवेत वर्षात दोन पिके सहज निघतात, म्हणजे साधारण तीन वर्षांचे काम आहे.

बी काढण्यासाठी फळ झाडावर पूर्ण पिकू द्यावे, गर बियांसह भांड्यात दोन-तीन दिवस आंबवावा, नंतर धुऊन बी सावलीत वाळवावे. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो, तो आंबवण्याने सुटतो. रोगट झाडाचे बी कधीही धरू नये, कारण टोमॅटोचे काही जिवाणूजन्य व विषाणूजन्य रोग बियांवाटेच पसरतात.

नारायणगावच्या बाजारात माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र मी हा सल्ला देणार नाही. बांबू, तार, सुतळी, फवारणी यांवर मोठा खर्च झाल्यावर क्रेटमध्ये पाच आकारांची फळे आली तर दर पडतो, आणि व्यापारी त्यामागचे कारण विचारत बसत नाही. कायद्याची अडचण नाही: 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे, फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडखाली विकता येत नाही. स्वतःचे बी धरायचे असलेल्या शेतकऱ्याने राहुरी कृषी विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री यांसारख्या सरळ वाणांपासून सुरुवात करावी; त्यांचे बी पुढच्या पिढीतही त्याच गुणांचे निघते.