पित्ताची गोळी कुणाची राखण करते?

(कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेलं व्याख्यान, वाचण्यासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. येताना घरातली औषधांची पिशवी बरोबर आणा, असा निरोप दिला होता. समोर बघते तर बऱ्याच जणांच्या मांडीवर पिशव्या आहेत. त्या शेवटी उघडू. आधी थोडं बोलते.

मी डॉक्टर नाही, औषधाचं दुकान चालवते. २७ वर्षं काउंटरमागं उभी आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीची माणसं कंबर धरून येतात. उद्यमनगरातून फौंड्रीतली पोरं येतात, खांदे भरून आलेले. तालमीतले पैलवान येतात. आणि तुमच्या वयाची मंडळी गुडघ्यांसाठी येतात. सगळ्यांचं मागणं एकच, "ताई, दुखायची गोळी द्या, आणि जोडीला पित्ताची द्या." चटणी-भाकरीसारखी ही जोडी लोकांच्या तोंडात बसली आहे. जोडी चुकीची नाही. तिच्यावर जेवढा भरवसा टाकला जातो, तो चुकीचा आहे. का, ते एका माणसावरून सांगते.

आमच्याकडं एक वस्ताद यायचे. सत्तरी ओलांडलेली, उभं आयुष्य तांबड्या मातीत गेलेलं, दोन्ही गुडघे झिजलेले. खिशातून गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा काढायचे, चार गोळ्या मावतील एवढा. त्यावर नावाची शेवटची अक्षरं तेवढी उरलेली, 'फेनॅक'. मी ओळखायची, डायक्लोफेनॅक. सोबत पित्ताची पॅन्टोप्राझोल ४० द्यायची. असे आठ महिने गेले. एकदा मी विचारलं, "वस्ताद, पोटाचा काही त्रास?" ते म्हणाले, "काय न्हाई पोरी. पित्ताची गोळी हाय न्हवं. पोट खडखडीत हाय."

आणि ते खरंच होतं. पोट खडखडीत होतं. म्हणूनच तर गोळी चालू राहिली.

मग एका संध्याकाळी ते आले, तर पायात नेहमीची कोल्हापुरी चप्पल नव्हती, रबरी स्लिपर होती. विचारलं तर म्हणाले, चप्पल चढेना झाली. मी बाहेर येऊन त्यांच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठणारं द्रव्य, चांगलंच वाढलेलं, रक्तदाबही वर. डॉक्टरांनी गोळी थांबवली, बरंचसं सावरलं, पण सगळं नाही. मी त्यांना पोटाचं विचारलं होतं, लघवीचं विचारलं नव्हतं. रक्तदाबाची गोळी चालू आहे का, तेही नाही. चिठ्ठी न बघता तुकड्यावर औषध दिलं. ही चूक माझी होती आणि ती मला आजही टोचते. तेव्हापासून मी तुकड्यावर औषध देत नाही. लोक रागावतात, रागावू देत.

आता हे आत कसं घडतं ते बघा. लंडनमध्ये जॉन व्हेन नावाच्या संशोधकानं १९७१ साली दाखवून दिलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होऊ देत नाहीत. १९८२ सालचं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. हे द्रव्य दुखऱ्या गुडघ्यात सूज आणि ठणका आणतं, म्हणून ते अडवलं की बरं वाटतं. पण तेच द्रव्य जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर राखतं, नाहीतर आपलंच आम्ल आपल्याच जठराला भाजून काढेल. आणि तेच द्रव्य मूत्रपिंडाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतं. विशेषतः वय झालं, अंगातलं पाणी कमी झालं, की मूत्रपिंडाची सारी मदार त्याच्यावर असते. गोळी रक्तात मिसळते आणि तिन्ही ठिकाणी पोचते. गुडघ्यावर थांबायला तिला कुणी सांगितलेलं नसतं.

यावरूनच एक गैरसमज सुटेल. कितीतरी जण डॉक्टरांना म्हणतात, "गोळी नको, पोट बिघडतं, सुई मारा." सुईतलं औषधही रक्तातूनच जठराचा थर पातळ करतं. नुसती तोंडातून गेली नाही म्हणून पोट वाचत नाही.

पित्ताची गोळी काय करते? ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ही सगळी एकाच घरातली. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे बारीक पंप असतात, ते ही औषधं बंद पाडतात. पहिलं ओमेप्राझोल १९८८ साली बाजारात आलं. आम्ल कमी झालं की पातळ झालेल्या थरावर व्रण पडायची भीती बरीच कमी होते. हे काम ती चोख करते. पण तिची राखण जठर आणि त्याच्या लगतच्या आतड्यापुरती. पुढच्या आतड्याला ती वाचवत नाही, हृदयाला नाही, मूत्रपिंडाला तर नाहीच.

इथं गिधाडांचं सांगायलाच हवं. हेच डायक्लोफेनॅक गुरांना टोचलं जायचं. असं जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. तीन जातींची गिधाडं शंभरातली पंच्याण्णवहून जास्त नाहीशी झाली. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही, घाबरवायला मी हे सांगत नाही. पण आकाश रिकामं होईपर्यंत कुणाला कळलं नाही, हे माझ्या मनातून जात नाही. मूत्रपिंड बिघडतं तेव्हा ते दुखत नाही.

तुमच्यापैकी रक्तदाबाची गोळी किती जणांना आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात वर. पट्टीवर नावाचं शेपूट बघा. शेवटी 'सार्टन' असेल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, किंवा 'प्रिल' असेल, रॅमिप्रिल, एनालाप्रिल. त्याबरोबर जास्त लघवी होण्याची गोळी असेल, आणि त्यात तुम्ही दुखायची गोळी घेतलीत, तर तीन बाजूंनी मूत्रपिंड कोंडीत सापडतं. अशात जुलाब लागले, उन्हाळ्यात जोतिबाचा डोंगर चढलात, कडक उपास केलात, तर चार दिवसांतही बिघडू शकतं. वस्तादांचं हेच झालं होतं. त्यांच्या टेल्मिसार्टनच्या गोळीतच ते लघवीचं औषध मिसळलेलं होतं, एकत्र बनवलेलं. ज्यांच्याकडं ही जोडी आहे, त्यांनी दुखायची गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी मंडळी हृदयाची. ॲस्पिरिन ७५ रोज घेता, त्यात दुखायची गोळी घातली की जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातच आडवं येऊ शकतं, मग हृदयासाठी घेतलेली गोळी वाया. ज्यांना स्टेंट बसवलाय आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल चालू आहे, त्यांनी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळायचं असतं, कारण शरीरात क्लोपिडोग्रेलचा जोर चढायला ती अडथळा आणतात. पॅन्टोप्राझोलनं ते फारसं होत नाही. म्हणून घरात शेजारणीची 'पित्ताची गोळी' उसनी घेऊ नका. पित्ताच्या सगळ्या गोळ्या म्हणजे एकच औषध नव्हे.

आता वेळ. इथं जवळजवळ सगळेच चुकतात. दोन्ही गोळ्या जेवणानंतर एकत्र, पाण्याच्या एकाच घोटाबरोबर. पित्ताची गोळी चालू असलेल्या पंपांनाच धरते, आणि पंप चालू होतात जेवणानं. म्हणून ती सकाळी अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा-पाऊण तास आधी. दुखायची गोळी खाल्ल्यावर. पित्ताची गोळी चावू नका, कुटू नका, अर्धी मोडू नका. ती आम्लातच खराब होते, म्हणून तिच्यावर लेप असतो. तो मोडला की गोळी फुकट. आणि तिचा पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात. जळजळ उठली की तेवढ्यापुरती एक टाकली, असं तिचं काम नाही.

गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जाणारे इथं असतील. दुधाबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. पण "गोळीवर दूध प्यालो, आता पोटाला काही होणार नाही" हे सोडून द्या. दुधानं घटकाभर गार वाटतं, मग त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमनं आम्ल उलट वाढतं. गार वाटणं म्हणजे व्रण टळणं नव्हे.

मग पित्ताची गोळी लागते कुणाला? पासष्टी ओलांडलेल्यांना, पूर्वी व्रण झालाय किंवा रक्त गेलंय त्यांना, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायचं औषध घेणाऱ्यांना, स्टेरॉइड चालू असणाऱ्यांना. यांना डॉक्टरांनी दुखायची गोळी दिलीच, तर पित्ताची सोबत हवीच, आणि ती राहिली असेल तर आठवण करून द्या. तिशीतल्या धडधाकट पोरानं पाय मुरगळला म्हणून तीन दिवस गोळी घेतली, तर त्याला बहुतेक वेळा तिची गरजच नसते. आम्हीही ती सवयीनं देतो. दुखायची गोळी थांबली की, दुसरं कारण नसेल तर, पित्ताचीही थांबायला हवी. इथं मात्र लोक अडकतात. महिनोन्‌महिने घेऊन ती एकदम सोडली की दाबलेले पंप उसळतात, काही दिवस जास्तच जळजळतं. माणूस म्हणतो, बघा, मला ही लागतेच. आणि वर्षानुवर्षं चालू राहते, मग बी-१२ कमी, मॅग्नेशियम कमी, हाडं ठिसूळ, असं होऊ शकतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडा.

गुडघ्यासाठी आधी जेल चोळून बघा, रक्तात फार थोडं जातं. पॅरासिटामॉलही चालतं, पण मोजून. तुमच्या वयात दिवसाला ३ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या सहा गोळ्यांच्या आत, आणि यकृताचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं, हे धरून मोजा. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, दुसरी दुखायची गोळी अजिबात नाही, कारण रक्तस्राव वाढतो.

आणि पोट न दुखताही रक्त जातं, हे लक्षात ठेवा. शौच डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली, उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी झाली, उभं राहताना अंधारी आली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. लघवी कमी झाली, पाय सुजले, तरी तसंच.

बरं, आता पिशव्या. टेबलावर मी कात्री, चिकटपट्टी आणि पेन ठेवलं आहे. कापलेले तुकडे एका बाजूला काढा, ज्यावर नाव आणि तारीख दोन्ही दिसत नाही ते. मावशी, तुमची पिशवी सगळ्यांत फुगलेली दिसते, तुम्ही आधी या.