सही पेन्सिलीची, अंगठा सेझारचा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर, एक अंगठा टांगलेला आहे. दचकू नका, कागदावरचा आहे. चांगला वीतभर उंच, रेषा न् रेषा दिसणारा. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय ३७/१००, आणि उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनंच, सही. सेझार.

हा सेझार म्हणजे सेझार बाल्दाचिनी, फ्रान्सचा शिल्पकार. जन्म १९२१ चा, मार्सेयचा, आईबाप मूळचे इटलीचे. १९९८ मध्ये पॅरिसला वारला. तरुणपणी संगमरवर परवडेना, म्हणून पठ्ठ्यानं भंगारातलं लोखंड गोळा केलं आणि वेल्डिंग करून त्याच्या कोंबड्या केल्या, किडे केले. १९६० साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यानं काय मांडलं असेल? भंगारवाल्याच्या यंत्रात चेपून ठोकळे केलेल्या तीन मोटारी. केवढा गदारोळ झाला! फ्रेंच सिनेमाला १९७६ पासून जे सेझार पुरस्कार देतात ना, ते याच्याच नावाचे, आणि हातात देतात तो पितळी रंगाचा चेपलेला ठोकळाही यानंच घडवलेला. (आपल्याकडच्या ट्रॉफ्या बघा. सगळ्या एकाच साच्यातल्या. वक्तृत्वाची आणि कबड्डीची अदलाबदल केली तर कुणाच्या लक्षात येणार नाही. असो.)

तर अंगठा. १९६५ साली पॅरिसच्या एका गॅलरीनं माणसाच्या हातावर प्रदर्शन भरवलं. सेझारनं स्वतःच्या अंगठ्याचा साचा घेतला आणि पँटोग्राफ नावाच्या यंत्रानं तो वाढवला. पुढे वाढवतच गेला. पॅरिसला ला देफाँस भागात त्याचा एक अंगठा उभा आहे, १२ मीटर उंच. चार मजली इमारतीएवढा अंगठा!

माझा त्याच अंगठ्याचा लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेलं चित्र. पॅरिसमध्ये जुनी चित्रं विकणाऱ्या एका दुकानात घेतला. किती फ्रँक, किती युरो ते विचारू नका, आमच्या घरी रेडिओ लावलेला असतो.

आता माझे मामा. दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेत, ब्याऐंशी वर्षांचे आहेत. उभा जन्म खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं तपासण्यात गेला. मागच्या दिवाळीत मामी आणि ते आले. चहा यायच्या आत मामांची नजर भिंतीवर गेली. उठले, चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला लावलं.

“दस्त पक्का दिसतोय,” म्हणाले. “अंगठाही आहे, सहीही आहे. साक्षीदार कुठायत?”

मी म्हटलं, “मामा, चित्र आहे ते.”

“असेल. दस्त क्रमांक सदतीस, ते कळलं. पण साल शंभर? साल चुकलंय तुझं.”

मामी पलीकडून म्हणाल्या, “अहो, मार्क आहेत ते. शंभरात सदतीस. काठावर पास झालाय बिचारा!”

श्रोतेहो, मी हसत बसलो नाही. समजावायला लागलो. म्हटलं, याच्या शंभर प्रती काढल्या, त्यातली ही सदतिसावी. पुन्हा सांगतो, कारण बरेच जण इथेच चुकतात: खालचा आकडा एकूण प्रतींचा, वरचा आपल्या प्रतीचा. सदतिसावी म्हणून पहिलीपेक्षा कमअस्सल, असं काही नसतं.

“आणि शंभरावर एकशेएकावी काढली तर?” मामा.

म्हटलं, दगड पुसून टाकतात.

“कसला दगड?”

इथे चहा आला, म्हणून थोडक्यात आटपलं. तुम्हालाही थोडक्यात. बव्हेरियातला गुळगुळीत चुनखडी दगड. त्यावर ओशट खडूनं चित्र काढायचं. मग डिंक आणि किंचित आम्ल लावायचं, दगड ओला करायचा आणि तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. कढईला ओशटपणा असला की पाणी कसं थेंब थेंब होऊन पळतं? तेच तत्त्व. ओल्या जागी शाई बसत नाही, ओशट रेघेवर बसते. वर कागद ठेवून दाबला की छाप. झेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसाला १७९६ साली हे दगडावर धोब्याची यादी खरडताना सुचायला सुरुवात झाली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. आणि आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आठवते? कमळात उभी असलेली? रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथेही असेच दगड. काम झालं की दगड घासून कोरा करायचा.

“म्हणजे पाटीच की,” मामी म्हणाल्या. झालं. मी पाच मिनिटं बोललो ते त्यांनी तीन शब्दांत संपवलं.

मामांचं मात्र समाधान होईना. “पेन्सिलीची सही? पेन्सिलीची सही आम्ही दारातूनच परत पाठवायचो.”

आता हा मुद्दा नीट ऐका. पेन्सिल. शाई नव्हे, पेन्सिल. चित्रावर छापलेली सही वेगळी आणि छापून झाल्यावर एकेका कागदावर हातानं केलेली सही वेगळी. छापलेली सही शंभर प्रतींवर तंतोतंत तीच येते. पेन्सिलीची दर खेपेला जराशी बदलते आणि शाईशी तिचा घोटाळा होत नाही. (हल्ली बँकेत माझी सही माझ्याच सहीशी जुळत नाही म्हणतात. माणसाची सही वयाबरोबर बदलते, हे त्या काउंटरवरच्या पोराला कोण सांगणार?)

मामांनी फ्रेम भिंतीवरून उतरवायला लावली. मागचे खिळे काढायला लावले. मग पिशवीतून भिंग काढलं. निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, भिंग पिशवीत! कागद खिडकीशी नेऊन तिरपा धरला. सहीवर शिशाची बारीक चकाकी आली. मागून बोट फिरवलं, पेन्सिल दाबल्याचा वळ लागला.

“सही हातची,” मामांनी निकाल दिला.

मग भिंग अंगठ्यावर. आता माझ्या छातीत धडधड. कारण वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला तर ठिपके ओळीत दिसतात, ठिपक्यांची रांगोळी घातल्यासारखे. खरा दगडाचा छाप असेल तर सांडलेल्या रव्यासारखे वेडेवाकडे कण दिसतात. रांगोळी दिसली तर चित्र यंत्रानं उतरवलेलं, मग खालची सही किती का खरी असेना. आणि या सेझारच्या नावानं तर इतका खोटा माल निघालाय की फ्रान्समध्ये खटले चालले.

मामा बराच वेळ वाकलेले. चहा गार. मामींनी चकलीचा डबा उघडला.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“रवा.”

मी खुर्चीत बसलो. तेवढ्यात मामांनी हात पुढे केला. “खरेदीखत?”

आत जाऊन दुकानाची पावती आणली. मामांना फ्रेंच येत नाही, पण कागद वाचता येतो. वरून खाली बोट फिरवलं. “यात त्याचं नाव कुठाय?”

मी बघितलं. पावतीवर लिहिलं होतं: लिथोग्राफी, नग एक. कलाकाराचं नाव नाही, आकडा नाही, माप नाही. इतकी वर्षं मी ती पावती जपून ठेवली होती आणि एकदाही वाचली नव्हती.

“वर्णनाशिवाय मिळकत नोंदवत नाहीत रे,” मामा म्हणाले आणि चकलीकडे वळले.

मी त्या दुकानाला पत्र घातलंय. कलाकाराचं नाव, ३७/१००, लांबी-रुंदी, सगळं घालून नवी पावती द्या म्हणून. अजून उत्तर नाही. फ्रेम मात्र मामांनी स्वतः ठोकून दिली, आणि जाताना भिंग आमच्याकडेच विसरले. विसरले की ठेवून गेले, ते मी विचारलेलं नाही.

नमस्कार.