साडेपाच वर्षं आणि एक लेकरू

श्रोतेहो, नमस्कार.

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागात शिकवते. दरवर्षी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची काही मुलं माझ्याकडे असतात, मी त्यांची मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक. बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची, मिसरूडही नीट न फुटलेली. पण मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी असलेली कमाल वयाची अट २०२२ साली निघाली आणि तेव्हापासून त्यांच्यात अधूनमधून एखादी तिशीतली बाईही दिसते. अशा बाईचं लेकरू लहान असेल आणि घरात दुसरं मोठं माणूस नसेल, तर तिने शिकण्यासाठी गाव सोडावं का, यावर आज बोलायचं आहे.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक जण मला भेटायला आली. दवाखान्यात नर्स होती. नवरा नाही, मुलगी सात वर्षांची. मार्क असे की मुंबईचं जुनं, नावाजलेलं कॉलेजही मिळू शकत होतं आणि आमचं जिल्ह्याचं नवं कॉलेजही. तिने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. कॉलेजांच्या पसंतीक्रमाची कच्ची यादी होती ती. पहिल्या ओळीवर इतकी खाडाखोड झाली होती की कागदाला भोक पडलं होतं. "मॅडम, सगळे म्हणतात, मुंबईची सीट सोडू नकोस, पोरीला आईकडे ठेव. तुम्ही काय म्हणता?"

मला पटकन काही सांगता येईना, कारण हा प्रसंग माझ्यावरून गेला आहे. नवरा गेल्यानंतर दीड वर्षाने मी प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोकरी सोडली आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन एमडीसाठी मोठ्या शहरात गेले. होस्टेलमध्ये मूल ठेवायची परवानगी नव्हती. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली आणि माझं नशीब असं की घरमालकीण काकू मायाळू निघाल्या. मी ड्युटीला निघताना मुलाला भिंतीवरचं घड्याळ दाखवायचे. लहान काटा सहावर आला की आई येणार. घड्याळ वाचायला तो असाच शिकला. एके दिवशी वॉर्डात एकामागून एक सीरियस पेशंट आले आणि मला यायला रात्रीचे साडेदहा झाले. खोलीतलं घड्याळ पावणेसहावर थांबलेलं होतं. काकू म्हणाल्या, स्टूल लावून वर चढला आणि सेल काढून ठेवला. सहा वाजूच नयेत म्हणून. तो सेल मुठीत धरूनच तो झोपला होता.

त्या रात्री मी बॅग भरायला घेतली होती. गेले नाही, कारण सकाळी सातला त्याचा डबा काकूंनी भरलेला होता. मी एमडी झाले त्यात माझ्या अभ्यासाचा वाटा जेवढा, तेवढाच त्या डब्याचा आहे. हे मी अगदी मनापासून सांगते.

म्हणून त्या नर्सबाईला मी कॉलेजांबद्दल काही न बोलता दोन गोष्टी विचारल्या. पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनशास्त्राचं. दिवसभर लेक्चर, डिसेक्शन, प्रॅक्टिकल. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. मग दुपारी शाळा सुटल्यावर पोरीला आणणार कोण? पुढे इंटर्नशिपला रात्रपाळ्या लागतील. तेव्हा मध्यरात्री पोरीला ताप भरला तर कोणाचं दार वाजवायचं? दोन्ही गावांपुढे माणसांची नावं लिही म्हटलं. जिल्ह्याच्या गावापुढे तिने आई, मावशी आणि शाळेतल्या एका बाईंचं नाव लिहिलं. मुंबईपुढे पेन बराच वेळ तसंच राहिलं.

श्रोतेहो, माझं मत मी आडपडदा न ठेवता सांगते. एकट्या आईने आधी माणसं बघावीत, कॉलेजचं नाव नंतर. अभ्यासक्रम देशभर एकाच चौकटीतला आहे: साडेचार वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. डॉक्टर घडतो तो पेशंटच्या खाटेजवळ, आणि जिल्हा रुग्णालयात पेशंटला तोटा नसतो. आता पूर्वीसारखं मुंबई, पुणे, नागपूरच गाठावं लागतं असंही नाही. २०२४ साली एकट्या महाराष्ट्रात जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, अमरावती, भंडारा, गडचिरोली अशा ठिकाणी नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. मध्येच कॉलेज बदलणं मात्र महाकठीण. त्यामुळे निर्णय खरा होतो तो पसंतीक्रम भरताना, सीट लागल्यावर नव्हे.

पण काहींना गाव सोडणंच बरं असतं. सासर-माहेर दोन्हीकडून रोज टोचणी असेल, तर परक्या गावात निदान मोकळा श्वास घेता येतो. अशा बाईने जरूर जावं, फक्त जाण्याआधी एक चक्कर मारावी. कॉलेजपासून चालत जाता येईल अशी शाळा आणि पाळणाघर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावं. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असावं असा कायदा २०१७ पासून आहे, पण तो नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, विद्यार्थिनीसाठी नाही. मला ही उणीव फार सलते.

घटस्फोट झाला असेल आणि मुलाच्या ताब्याबद्दल, भेटीच्या दिवसांबद्दल कोर्टाचा आदेश असेल, तर फॉर्म भरण्याआधी वकिलाला भेटा. शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पैशांचं म्हणाल तर इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं शिक्षण शुल्क २०२४ पासून राज्य सरकार भरतं. लेकरासाठी बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा.

या वाटेवरून आपल्याकडची एक बाई फार पूर्वी गेली आहे. पंडिता रमाबाई. १८८२ साली नवरा पटकीने गेला, पदरात वर्षही न झालेली मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे रमाबाईंनी ठासून सांगितलं की या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात. पुढच्या वर्षी दोन वर्षांच्या लेकीला घेऊन त्या स्वतःच वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला निघाल्या. ऐकायला कमी येत होतं आणि त्यापायी वैद्यकीचं दार बंद झालं. तरी त्या तिथे राहिल्या, शिकल्या, संस्कृत शिकवलं आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. मनोरमा पुढे आईच्याच कामात उभी राहिली. मी रात्रपाळीला जागी असायचे तेव्हा मला त्या बोटीवरच्या मायलेकी आठवायच्या. रमाबाईंनी लेकीला काय सांगितलं असेल, असा विचार मनात यायचा.

कारण मुलाला खरं सांगणं, हेच मला सर्वांत जड गेलं. पहिलं वर्ष आजीकडे ठेवायचं असेल तरी ठेवा, त्यात काही पाप नाही. पण "उद्या येते" म्हणून निघू नका. दिवाळीला येणार असाल तर दिवाळीलाच येणार म्हणा, कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा, आणि त्या तारखेला या. घड्याळातून सेल निघालेला बघितल्यावर मी मुलाला वेळ सांगायची थांबले. "काम संपलं की येईन, तोवर काकू आहेत," एवढंच सांगायचे. तो हळूहळू शांत झाला.

त्या नर्सबाईने आमचं जिल्ह्याचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. सीट लागली. सुरुवातीच्या आठवड्यात नव्या मुलांच्या पालकांची सभा असते. पोरं एका बाजूला, आईवडील दुसऱ्या बाजूला. पालकांच्या रांगेत शाळेच्या गणवेशातली एक चिमुरडी पाय हलवत बसली होती. हजेरीचा कागद फिरत तिच्यापाशी आला. तिने पालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, मुलगी.

नमस्कार.