रेडकाची तुंबलेली लघवी

थंडीचे दिवस. रेडकू शेपटी उचलून कुंथतंय, पाय झाडतंय, दात खातंय. मालकाला वाटतं, शेण अडकलंय. डॉक्टर मात्र आधी पोटाखाली बघतात. लघवीच्या जागेचे केस कोरडे, आणि त्यांना वाळूसारखे बारीक कण चिकटलेले.

"लघवी कधी केली होती यानं?"

"काल दुपारपासून बघितली नाही, डॉक्टर."

नराची मूत्रनलिका लांब, अरुंद आणि मध्येच ‘एस’सारखी वळलेली. मुतखडा बहुतेक वेळा या वळणाच्या खालच्या टोकाशी अडकतो. गाई-म्हशींची नलिका आखूड आणि रुंद, त्यामुळे त्यांना हा त्रास क्वचितच. त्यात रेडकाच्या खुराकात कोंडा जास्त, म्हणजे फॉस्फरस जास्त, आणि गारठ्यात पाणी पिणं कमी, म्हणून खडे धरतात.

पशुपालकांना हात जोडून सांगणं आहे: वाट बंद असताना लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊ नका. तट्ट फुगलेलं मूत्राशय फुटतं. फुटलं की कळ थांबते, जनावर शांत होतं आणि घरचे म्हणतात, "उतार पडला." पण आता लघवी पोटात साचतेय. दोन्ही कुशी खालून फुगतात, लघवीवाटे बाहेर जायला हवा तो युरिया रक्तात चढत जातो. कितीतरी वासरं याच फसव्या दिवसांत हातची जातात.

ऑपरेशन लहान आहे. रेडकू उजव्या कुशीवर आडवं, लिग्नोकेननं जागा बधिर. डावीकडे, सडांच्या खुणांशेजारी छेद घेऊन डॉक्टर मूत्राशय गाठतात. कातडीखालून वाट काढत फोली कॅथेटर, म्हणजे टोकाशी फुगा असलेली रबरी नळी, आत सरकवतात आणि त्याचा फुगा सलाईननं भरतात, म्हणजे नळी निसटत नाही. मूत्राशय फाटलं असेल तर तेही शिवतात. नळीतून लालसर धार सुरू होते, आणि रेडकाचा ताठरलेला पाय सैल पडतो.

खड्याला अजून कुणी हात लावलेला नाही. त्यासाठी नवसागर: किलोमागे साधारण 200 मिलीग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या रेडकाला रोज 10 ग्रॅम, तेही डॉक्टरांच्याच सल्ल्यानं. लघवी आम्लधर्मी होते आणि फॉस्फेटचे खडे विरघळू लागतात. सिलिकाच्या खड्यांवर मात्र याचा उपयोग नाही.

मोठ्या बैलात बऱ्याचदा शेपटीखाली नलिका उघडून लघवीला नवी वाट देतात. वळू मग पैदाशीला चालत नाही, ओढकामाच्या बैलाचं काम अडत नाही.

काही दिवसांनी रेडकाची नळी चिमटा लावून थोडा थोडा वेळ बंद ठेवतात. मूळ वाटेनं मोकळी धार येऊ लागली, की कॅथेटर काढतात. घरी गेल्यावर कोंडा कमी, हिरवा चारा जास्त, खुराकात मीठ आणि थंडीत प्यायला कोमट पाणी.