पॅक निवू द्या

[दृश्य: सकाळचं माळरान. रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर उलटं होऊन गवतावरून सरकतं.]

पोट आभाळाकडे, पाती गवताकडे. एकेक पातं ५५० मिलिमीटरचं आणि फेरे मिनिटाला दोन हजारांच्या वर. रिमोटची स्टिक झटक्यात सरकली की पात्यांचा कोन बदलतो आणि आवाज एकदम घोगरा होतो. तेवढाच आवाज कान देऊन ऐका. त्या क्षणी मोटर बॅटरीकडून ओढता येईल तेवढा करंट ओढत असते.

[दृश्य: निळ्या वेष्टणातला पॅक, तळहातावर.]

हा लिथियम पॉलिमर पॅक. मैदानावर सगळे त्याला लिपो म्हणतात. सहा सेल एकापुढे एक जोडलेले, क्षमता ५००० मिलिअँपिअर-अवर. तुमच्या फोनमध्येही साधारण एवढ्याच क्षमतेचा सेल असतो, पण तो एकटा असतो आणि दिवसभर पुरतो. इथले सहाही सेल पाच मिनिटांत उतरतात. सरासरी काढली तर ५० अँपिअरच्या आसपास, आणि मघाच्या त्या घोगऱ्या क्षणी त्याहून कितीतरी जास्त.

[दृश्य: पहाटे पाच. गच्चीवरचं टेबल, मातीची कुंडी, चार्जर.]

उड्डाणाची तयारी इथून सुरू होते. आदल्या रात्री नाही, त्याच पहाटे. पॅक मातीच्या कुंडीत ठेवलाय, वर झाकण आहे पण घट्ट नाही, कारण वेळ आलीच तर धुराला वाट हवी. शेजारी वाळूची बादली. चार्जिंग संपेपर्यंत टेबलापासून कुणी हलत नाही. चहा इथेच येतो.

[दृश्य: चार्जरचा पडदा, सहा आकडे.]

जाड वायरीतून करंट जातो, ५ अँपिअर. पॅकच्या क्षमतेएवढाच, त्याहून जास्त घाई नाही. बारीक वायरींची ही पांढरी पिन आहे बॅलन्स लीड. तिच्यामुळे चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दिसतो. पाहा, पाच सेल ४.२० व्होल्टपाशी आलेत आणि तिसरा अजून ४.१४ वर रेंगाळलाय. चार्जर पाच जणांना थोपवून धरतो आणि तिसऱ्याला गाठू देतो. बॅलन्स लीड न लावता भरलं असतं, तर बेरीज बरोबर दिसली असती आणि पाचही सेल ४.२० च्या पुढे ढकलले गेले असते. शेवटची ही दहा-पंधरा मिनिटं कंटाळवाणी वाटतात खरी, पण पॅकचं आयुष्य इथेच ठरतं, असं आमचं ठाम मत आहे.

[दृश्य: उड्डाण. रिमोटचा टायमर वाजतो, हेलिकॉप्टर खाली येतं.]

साडेचार मिनिटं झाली, उतरायचं. पॅकमध्ये अजून जीव आहे, आणि तो ठेवायचाच आहे. क्षमतेच्या ८० टक्के, म्हणजे ४००० पर्यंतच वापरायचं. पुढच्या चार्जिंगला चार्जरने परत किती भरलं तो आकडा पाहायचा. ४२०० निघाला तर टायमर पंधरा सेकंदांनी कमी. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून बिघडू लागतो.

[दृश्य: फुगलेला पॅक, टेबलावर डुगडुगणारा.]

हा मात्र टेबलावर सपाट बसत नाही. हवेत याला काहीही झालेलं नाही. मागच्या जूनमध्ये शुक्रवारी रात्री पूर्ण भरला, शनिवारी पाऊस लागला, पुढचे तीन आठवडे लागूनच राहिला, आणि भरलेला पॅक तसाच कपाटात पडून. ४.२० व्होल्टवर सेलमधलं रसायन स्वस्थ बसत नाही. ते हळूहळू विघटतं, वायू धरतो, आणि सेलला पत्र्याचा डबा नसतो, नुसती अ‍ॅल्युमिनियमच्या थराची पिशवी असते. ती फुगते. नवा असताना प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, ३ मिलिओहमच्या आसपास होता. आता चार्जर ९ दाखवतो. असा पॅक दाबायचा नाही, टोचायचा नाही. पेटला तर तांब्याभर पाण्याने विझत नाही.

[दृश्य: जुन्या निकॅड बॅटऱ्यांचा डबा.]

पॅक बिघडण्यात जुन्या सवयींचाही हात असतो. निकॅडच्या, म्हणजे निकेल-कॅडमियमच्या काळात बॅटरी पार रिकामी करून ठेवणं चांगलं मानायचे. ज्यांचे हात त्या बॅटऱ्यांवर तयार झाले, त्यांनी लिपोही तशाच ठेवल्या. लिपोला रिकामं राहणंही सोसत नाही आणि भरलेलं राहणंही. तिला मधलं हवं. प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५. चार्जरवर त्याचं वेगळं बटण असतं, स्टोरेज.

[दृश्य: मे महिना, बंद गाडी, मागच्या काचेशी पॅक. एक हात तो उचलून सावलीत नेतो.]

उन्हात उभ्या गाडीत पॅक ठेवू नका.

[दृश्य: दोन बल्बांना जोडलेला तोच फुगलेला पॅक. बल्ब मंदावत विझतात.]

उघड्यावर, बल्बवर पूर्ण उतरवून मग ई-कचरा केंद्रात. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

[दृश्य: संध्याकाळ. खिडकीबाहेर पाऊस. पॅकवर कागदी टेप, पेनने तारीख.]

सकाळचा पॅक निवलाय. हात लावला तर आता कोमटसुद्धा लागत नाही, म्हणजे चार्जरला जोडायला हरकत नाही. बटण: स्टोरेज. थोडंसं भरतो आणि थांबतो. वहीत नोंद होते. फेरी ६१, साडेचार मिनिटं, तिसरा सेल मागे.