टॅक्सीला जोडलेला बंब

नमस्कार श्रोतेहो. अग्निशमन सेवा सप्ताह चालू आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याचं जहाज उडालं आणि आपले ६६ जवान गेले. हा सप्ताह त्यांच्या आठवणीचा. पण आज मी तुम्हाला त्याच महायुद्धातल्या लंडनला नेणार आहे, कारण तिथल्या एका बंबाची गोष्ट मला सांगायचीच आहे.

१९३८ मध्ये युद्ध दिसू लागलं, तसा लंडनवाल्यांनी हिशेब केला. बॉम्ब पडले तर एका रात्रीत शेकडो आगी लागणार, आणि तेवढे बंब कुठून आणायचे? मग त्यांनी पंप आणि गाडी वेगळी केली. पंप बसवला दोन चाकांच्या गाड्यावर. तो ओढायला घेतल्या टॅक्सी. हो, टॅक्सी! दोन हजारांहून जास्त टॅक्सी भाड्याने घेतल्या. टपावर शिडी. ड्रायव्हरशेजारी, एरवी ट्रंका ठेवतात त्या जागी, पाइपाच्या गुंडाळ्या. आणि उतारूंच्या सीटवर सहायक दलाचे स्वयंसेवक. काल-परवापर्यंत कोणी कारकून, कोणी चित्रकार.

माझे एक काका गिरगावात टॅक्सी चालवायचे. त्यांना हे सांगितलं तर पहिला प्रश्न, "अरे, मग मीटर कोणाच्या नावावर?"

आता शिड्यांचं थोडक्यात. जुन्या बंबाच्या मागे मोठाल्या लाकडी चाकांची सुटकेची शिडी असायची, ती चार-पाच जणांनी उतरवून भिंतीपाशी ढकलत न्यायची. उंच इमारतीसाठी गाडीवरच गोल फिरणारी शंभर फुटी शिडी. यात गंमत अशी की लंडनने युद्धाआधी घेतलेल्या अशा काही शिड्या जर्मन होत्या, कार्ल्सरूहेच्या मेट्झ कंपनीच्या, लेलँडच्या चासीवर चढवलेल्या. म्हणजे जर्मन बॉम्बची आग जर्मन शिडीवर चढून विझवायची. युद्ध लागल्यावर तिकडचा माल बंद झाला, मग ग्रिनिचच्या मेरीवेदर कंपनीच्या शिड्यांवर भिस्त. आणि ओघात आलंच आहे तर बोलतो. आपल्याकडे शंभर काय, दोनशे फुटी शिडी आणा, पण गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावून ठेवल्यावर ती उभी करणार कुठे? आमच्या सोसायटीच्या जिन्यात तर चपलांची कपाटं आहेत. असो.

तर ती रात्र. २९ डिसेंबर १९४०, रविवार. आधी सप्टेंबरपासून ओळीने ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडले होते, म्हणजे मंडळी आता सरावलेली. ज्यांना आधी लोक "लष्कर चुकवणारे" म्हणून हिणवायचे, त्याच स्वयंसेवकांना आता रस्त्यात चहा मिळत होता. पण या रात्री आगलावे बॉम्ब हजारोंनी आले, आणि पडले जुन्या शहराच्या पेढ्यांवर, गोदामांवर. रविवार, त्यामुळे सगळं कुलूपबंद. आत शिरायला किल्ल्या नाहीत, गच्चीवर राखण नाही. टॅक्सी निघाल्या, मागे पंप खडखडत. ब्लॅकआउटमध्ये रस्ता ओळखायचा कसा? लंडनच्या टॅक्सीवाल्याला परवान्यासाठी गल्ली न् गल्ली तोंडपाठ लागते. ही परीक्षा आपल्याकडेही हवी, असं माझं मत आहे. मोबाइलमधली बाई "उजवीकडे वळा" म्हणते आणि समोर भिंत असते.

नळांचे मोठे पाइप बॉम्बने फुटले. पाण्याची धार बारीक होत गेली, थेंबावर आली. मग सगळे धावले थेम्सकडे. आणि थेम्सला ओहोटी! आपल्या खाडीला असते तशीच भरती-ओहोटी तिलाही असते, आणि त्या रात्री पाणी फारच खाली गेलेलं. पुन्हा सांगतो, नळ फुटलेले आणि नदी आटलेली. पंप काठावर, पाणी दूर खाली. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर हवेचा दाब ते वर ढकलतो. म्हणून पंप कितीही दांडगा असला तरी सात-आठ मीटरांपलीकडे पाणी चढत नाही. विहिरीवर इंजिन खाली का उतरवावं लागतं, हे शेतकरी श्रोत्यांना मी काय सांगणार! शेवटी माणसं गुडघाभर चिखलात उतरली, पाइप खांद्यावर ओढत पाण्याकडे निघाली. डिसेंबरची थंडी, पाय गारठलेले, पाठ भाजलेली.

सेंट पॉल चर्चच्या घुमटावरच्या शिशाच्या पत्र्यात एक बॉम्ब रुतला, मग आपोआप बाहेर गळून सज्जावर पडला, म्हणून विझवता आला. चर्च वाचलं. शेजारची पुस्तकवाल्यांची गल्ली गेली, सुमारे ५० लाख पुस्तकं जळाली. त्या रात्री १४ जवान गेले.

पुढे सुधारणा झाल्या. कचेऱ्यांवर रात्रीची राखण सक्तीची झाली, ठिकठिकाणी पाण्याच्या टाक्या आल्या. गावोगावच्या दलांची पाइप जोडायची कपलिंगं एकमेकांना बसत नसत. नवा सिलिंडर आणावा आणि रेग्युलेटर भलताच निघावा, तसं. म्हणून १९४१ च्या ऑगस्टमध्ये सगळी दलं एकत्र केली. टॅक्सींच्या जागी पंप ओढायला ऑस्टिनच्या भक्कम गाड्या आल्या.

हे सगळं काकांना मी एकदा सविस्तर सांगितलं. चिखल, ओहोटी, घुमट, पुस्तकं. बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, "एवढं ओझं ओढून क्लच जळाला असेल रे बिचाऱ्याचा."